ग्रंथपेटी आणि मित्रमंडळ

एखाद्या गांवीं ग्रंथालय आहे असें कळलें म्हणजे त्यांत पुस्तकें किती, हा प्रश्न आपण प्रथम विचारतों. इमारत कोणी बांधून दिली, वर्तमानपत्रें किती येतात, वर्गणी काय पडते, हे प्रश्न त्यामागून येतात. परंतु त्या हजारों पुस्तकांपैकीं एखादें पुस्तक एखाद्या वाचकाच्या हातीं कसें गेलें, तें त्याला कोणीं सुचविलें, आणि वाचून झाल्यावर त्याविषयीं तो कोणाशीं बोलला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. संस्थांच्या वार्षिक अहवालांतहि त्यासाठीं रकाना नसतो. वस्तुतः ग्रंथालयाचें सार्वजनिकत्व ठरतें तें या न भरलेल्या रकान्यांत. कपाटांतलें पुस्तक वाचकावांचून जितकें निरुपयोगी, तितकाच नुकती अक्षरओळख झालेला वाचक सोबत्यावांचून असहाय असतो. या दोघांची गांठ घालून देण्याची व्यवस्था आपल्याकडे कशी उत्पन्न झाली, तींत गुण कोणते होते आणि उणीव कोणती राहिली, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

छापखाना येण्यापूर्वीं आपल्या समाजांत वाचन ही मुख्यतः एकांतांतली क्रिया नव्हती. चातुर्मासांत देवळाच्या ओवरींत किंवा एखाद्या सुखवस्तु गृहस्थाच्या ओटीवर पोथी सुटे; वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास. श्रीधराचे हरिविजय व पांडवप्रताप, महिपतीचीं संतचरित्रें, गुरुचरित्राचा सप्ताह, ज्ञानेश्वरीचें पारायण, हें सर्व वाङ्मय ज्यांना एक अक्षरहि ओळखतां येत नव्हतें अशा असंख्य स्त्रीपुरुषांच्या परिचयाचें झालें, तें कानांच्या वाटेनें. पुराणिक ओवी म्हणे, थांबे, अर्थ उलगडून सांगे. श्रोत्यांतला एखादा शंका काढी आणि कथा घटकाभर अडे. कोणती पोथी केव्हां लावावयाची हें रूढीनें ठरलेलें असल्यामुळें ‘काय वाचावें’ हा प्रश्नच निघत नसे. या व्यवस्थेचा दोष उघड आहे. वाचावयाचें तें ठरलेलें, त्याचा अर्थहि बव्हंशीं ठरलेला, आणि ओटीवर कोणीं बसावयाचें व अंगणाबाहेर कोणीं उभें राहावयाचें तेंहि ठरलेलें! परंतु पुढें आपण गमावलेली एक गोष्ट तींत होती. ती ही कीं, ग्रंथाबरोबर माणूस असे.

छापखान्यानें ग्रंथ स्वस्त केला आणि वाचकाला एकटें केलें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईस मराठी छपाई रुळली. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं छापलेलें पंचांग घरोघर गेलें. त्याच सुमारास महाराष्ट्रांतील जुन्या ग्रंथालयांचा उदय झाला. रत्नागिरीचें ग्रंथालय १८२८ सालचें, अहमदनगरचें १८३८ चें, नाशिकचें १८४० चें. पुण्याचें, लोकहितवादींनीं ज्याच्या स्थापनेंत पुढाकार घेतला तें, १८४८ चें, आणि कोल्हापूरचें १८५० चें. यांपैकीं कित्येकांचें मूळ नांव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असें होतें. नांवांत ‘जनरल’ असलें तरी सामान्य जनांस त्यांत वाव बेताचाच होता. गोऱ्या अधिकाऱ्यांचा आश्रय, संस्थानिकांच्या देणग्या आणि सरकारी नोकरींतल्या शिकलेल्या मंडळींची वर्गणी यांवर या संस्था चालत. ज्याला वर्गणी परवडे आणि इंग्रजी येई त्याचीच तेथें खरी सोय होई. पुढें १८९३ सालीं ठाण्यास, विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींच्या खटपटीनें, आणि १८९८ सालीं मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालयें निघालीं व केवळ मराठी ग्रंथ जमविण्याचें मोठें कार्य सुरू झालें. त्या काळीं मराठी ग्रंथ म्हणजे जपून ठेवण्यासारखी वस्तु आहे असें वाटणें हाच एक पुरुषार्थ होता. तथापि त्यांच्या नांवांतला ‘संग्रह’ हा शब्दच त्यांचा मुख्य हेतु सांगतो. ग्रंथ जमले, ते ज्याच्यापर्यंत पोंचलेले नाहींत त्याच्या दारीं ते नेण्याचें काम मागें राहिलें.

हें काम राज्यकारभाराचा भाग म्हणून हातीं घेणारा पहिला मोठा प्रयोग मराठी राज्यकर्त्याच्या परंतु बहुतांशीं गुजराती प्रजेच्या संस्थानांत झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचे शेतकऱ्याचे पुत्र. १८७५ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं ते दत्तक गेले, तोंपर्यंत त्यांचें शिक्षण झालेंच नव्हतें. अक्षर उशिरां हातीं आलेल्या माणसाला अक्षराची किंमत निराळीच कळते. त्यांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ सालीं तें सबंध संस्थानाला लागू केलें. पण सक्तीचें शिक्षण सुरू होतांच एक नवी अडचण पुढें उभी राहिली. चार यत्ता शिकून मुलगा शेतावर जातो. घरीं पुस्तक नाहीं, गांवीं वाचनालय नाहीं. पांच-सात वर्षांत तो शिकलेलें विसरतो. सरकारनें शाळेवर खर्च केलेला पैसा मग बांध नसलेल्या शेतांतल्या पाण्यासारखा वाहून जावयाचा. सयाजीरावांनीं परदेशच्या प्रवासांत अमेरिकेंतील मोफत ग्रंथालयें पाहिलीं होतीं. शाळेनें दिलेलें टिकावयाचें तर शाळेच्या पलीकडे ग्रंथालय पाहिजे, हें त्यांनीं हेरलें आणि १९१० सालीं विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलाविलें.

बॉर्डन तेथें अवघीं तीन वर्षें होता. तेवढ्या अवधींत मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली. महाराजांनीं राजवाड्यांतील स्वतःचीं सुमारें २०,००० पुस्तकें त्याला दिलीं. ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग १९११ सालीं निघाला. १९१२ सालीं इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत मजकूर देणारें एक ग्रंथालयविषयक नियतकालिक निघालें. मुलांसाठीं निराळें दालन आणि स्त्रियांसाठीं निराळी शाखा झाली. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं जादूचा कंदील आणि हलत्या चित्रांचे खेळ घेऊन माणसें खेडोपाडीं हिंडूं लागलीं. खर्चाची वांटणीहि विचारपूर्वक ठरविली होती. गांवानें जितकी रक्कम जमवावी, तितकीच पंचायतीनें द्यावी व तितकीच सरकारनें घालावी. मर्यादा खेड्याला सालीना १०० रुपये, कसब्याला ३०० आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणाला ७०० रुपये. म्हणजे ग्रंथालय फुकट मिळत नव्हतें आणि एकट्या गांवाच्या डोक्यावरहि पडत नव्हतें. ज्या गांवानें पदरचे पैसे घातले त्याला तें ग्रंथालय आपलें वाटणें साहजिक होतें.

या सर्व योजनेंत आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटते ती फिरती पेटी. जेथें ग्रंथालय नाहीं अशा गांवीं मध्यवर्ती कचेरींतून लांकडी पेटी जाई. तींत साधारणतः पंधरा ते तीस पुस्तकें असत आणि पाठवणीचा भार सरकार सोशी. वरवर पाहतां ही केवळ वाहतुकीची युक्ति आहे. परंतु पेटी भरणाऱ्या माणसाच्या जागीं आपण क्षणभर उभें राहून पाहावें. वीस हजार पुस्तकांच्या कपाटांपुढें तो उभा आहे; पेटींत मावणार वीस. तीं ज्या खेड्यांत जावयाचीं तें त्यानें कदाचित् पाहिलेलेंहि नसेल. त्यांत कथा किती घालाव्या, शेतीचीं पुस्तकें किती, स्त्रियांना काय, मुलांना काय? मोठें ग्रंथालय ही निवड टाळूं शकतें. सर्व कांहीं ठेवलें आहे, ज्याला जें हवें तें त्यानें न्यावें, असें तें म्हणूं शकतें. पेटीला असें म्हणतां येत नाहीं. पेटी म्हणजे एका माणसानें दुसऱ्या अनोळखी माणसांना केलेली शिफारसच. ग्रंथपालाचें खरें काम पुस्तकें राखण्याचें नसून निवडण्याचें व सुचविण्याचें आहे, हें त्या लांकडी पेटीनें सिद्ध केलें.

तथापि पेटी गांवांत पोंचली म्हणजे पुस्तकें वाचलीं जातात असें नाहीं. चावडीच्या कोपऱ्यांत ती तशीच कुलुपांत राहूं शकते. ती उघडावी, तिच्याभोंवतीं चार माणसें बसावीं, एकानें वाचावें व बाकीच्यांनीं ऐकावें, यासाठीं गांवांतलेंच कोणी लागतें. हें मर्म बॉर्डन येण्यापूर्वीं चार वर्षें एका शाळामास्तरानें ओळखिलें होतें. चरोतरांतील मोतीभाई अमीन यांनीं १९०६ च्या सुमारास पेटलाद भागांत ‘मित्रमंडळ’ या नांवानें वाचनालयें काढण्यास आरंभ केला. नांवच किती बोलकें आहे! ‘लायब्ररी’ म्हटलें म्हणजे वस्तु डोळ्यांपुढें येते, ‘मित्रमंडळ’ म्हटलें म्हणजे माणसें. पुढें सरकारनें मोतीभाईंस ग्रंथालय खात्यांतच घेतलें आणि खेड्यांतल्या वाचनालयांचा विस्तार त्यांच्या देखरेखीखालीं झाला. पुष्कळ ठिकाणीं शाळेचा मास्तरच ग्रंथपालाचें काम पाही. संस्थानांतील वाचनालयांची संख्या शेंकड्यांवर गेली, ती दरबारच्या पेटीला गांवच्या मंडळाची जोड मिळाली म्हणून. एकटी पेटी ओझें होऊन बसली असती. एकटें मंडळ पुस्तकांवांचून सुकलें असतें.

येथवर आम्ही शिफारशीचा गुण सांगितला. आतां तिची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. जो पुस्तक सुचवितो तो कांहीं पुस्तकें सुचवीत नाहींहि. जें मंडळ जमतें त्याच्या बाहेर कोणी तरी राहिलेलें असतें. आपल्याकडील सुशिक्षितांच्या ग्रंथविषयक हालचालींना हा प्रश्न फार पूर्वींच विचारला गेला होता. १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८७८ सालीं लोकहितवादी आणि न्या. माधवराव रानडे यांनीं मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन भरविलें. १८८५ सालीं पुन्हां सभा भरली तेव्हां रानड्यांनीं जोतीराव फुल्यांस निमंत्रण धाडिलें. जोतीरावांनीं तें नाकारलें व आपलें उत्तर ज्ञानोदयांत प्रसिद्ध केलें. त्याचा आशय असा कीं, ज्या सभा व जीं पुस्तकें बहुजनांच्या मनुष्यपणाच्या हक्कांची दाद घेत नाहींत, त्यांच्याशीं आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसावयाचा नाहीं; आमचें आम्हांस पाहिलें पाहिजे. या उत्तराची भाषा तिखट आहे म्हणून तें बाजूला ठेवणें हा पळपुटेपणा होईल. मंडळांत कोण बसतें यावरून मंडळ काय वाचील हें ठरतें, असा त्यांतला सिद्धान्त आहे, आणि तो अद्यापि खोटा ठरलेला नाहीं.

शिफारशीच्या या दोन्ही बाजू एकाच आयुष्यांत दाखविणारें एक उदाहरण आपल्या इतिहासांत आहे. डॉ. भीमराव आंबेडकरांनीं ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या आपल्या ग्रंथासाठीं १९५६ सालीं एक प्रस्तावना लिहिली. तींत त्यांनीं आपल्या बालपणच्या वाचनाची हकीकत दिली आहे. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते. घरीं रामायण-महाभारताच्या कथेसाठीं माणसें जमत आणि त्या मंडळीपुढें ग्रंथ वाचून दाखविण्याचें काम लहानग्या भीमरावाकडे असे. म्हणजे वर आम्ही वर्णिलेल्या जुन्या श्रवणमंडळाचा तो स्वतःच वाचक होता.   पुढें शाळेंतील परीक्षेंत यश मिळाल्याबद्दल समाजानें सभा भरविली, तेव्हां वडिलांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलाला बक्षीस दिलें. केळुसकर शिक्षक होते आणि चर्नी रोडच्या बागेंत एकटाच वाचीत बसणाऱ्या या मुलाला ते ओळखूं लागले होते, असें चरित्रकार सांगतात. तें पुस्तक वाचून मुलगा भारावून गेला. त्यानें वडिलांना प्रश्न केला: बौद्ध वाङ्मयाची ओळख तुम्ही आम्हांस कां करून दिली नाहीं?

हा प्रश्न प्रत्येक ग्रंथपालानें आपल्या मेजावर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. वडिलांनीं मुलाला पुस्तकांपासून दूर ठेविलें नव्हतें. उलट हट्टानें वाचावयास बसविलें होतें. त्यांच्या प्रेमांत उणें नव्हतें, निवडींत होतें. आणि ती उणीव भरून काढली ती दुसऱ्या एका माणसानें, मुलाला पाहून, त्याचा स्वभाव हेरून, हातांत दिलेल्या एका पुस्तकानें. आणखी एक योगायोग असा कीं, तें चरित्र केळुसकरांनीं बडोद्याच्या ग्रंथमालेसाठीं लिहिलें होतें, असें डॉ. आंबेडकरांनींच नमूद केलें आहे. पुढें केळुसकरांच्याच मध्यस्थीनें सयाजीरावांनीं या मुलाला शिष्यवृत्ति दिली आणि १९१३ सालीं तो अमेरिकेस गेला. दरबारानें ग्रंथ लिहवून घ्यावा, लेखकानें तो नेमक्या वाचकाच्या हातीं द्यावा, आणि वाचकानें पन्नास वर्षें मनांत वागवून त्याचें ऋण मान्य करावें, याहून ग्रंथाचा पूर्ण प्रवास तो कोणता?

डॉ. आंबेडकरांनीं हा धडा एकट्यापुरता ठेविला नाहीं. १९२४ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांत, वसतिगृहांच्या जोडीनें, ग्रंथालयें, समाजकेंद्रें आणि अभ्यासमंडळें काढून अस्पृश्य वर्गांत संस्कृतीचा प्रसार करणें हें कलम स्पष्ट घातलेलें आहे. ग्रंथालय आणि अभ्यासमंडळ हीं दोन्ही नांवें तेथें शेजारीं शेजारीं आलीं आहेत, तीं सहजगत्या आलीं नसावीं. ज्यांना कोणाच्याहि ओटीवर जागा नव्हती त्यांनीं आपली ओटी बांधली, आणि तिच्यावर काय वाचावयाचें हें ठरविण्याचा अधिकारहि आपल्याकडे घेतला.

यानंतरचा इतिहास कायद्यांचा आहे. १९३१ सालीं शियाळी रामामृत रंगनाथन यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक लाभावें आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक, हीं त्यांतलीं दोन या लेखाचें सारच सांगतात. मुंबई सरकारनें नेमलेल्या फैजी समितीनें १९४० सालीं प्रादेशिक ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत उतरत जाणारी योजना सुचविली. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला, आणि महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालीं झाला. त्या व्यवस्थेंत ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले व वर्गाप्रमाणें अनुदान ठरलें. वर्ग ठरवितांना ग्रंथ किती, नियतकालिकें किती, दरवाजे किती वेळ उघडे, हें मोजलें जातें. मोजण्याजोगें तें मोजावें, यांत गैर कांहीं नाहीं. परंतु बडोद्याच्या जोडींतली पेटी तेवढी कायद्यांत आली आणि मित्रमंडळ बाहेर राहिलें. शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध होते. तीहि शिफारसच आहे, पण ती करणाऱ्याला वाचकाचें तोंड दिसत नाहीं, आणि वाचकाला ‘हें कां, तें कां नाहीं’ असें कोणाला विचारावें तें कळत नाहीं. आमच्या महाविद्यालयांत येणारे तरुण आळशी नाहींत. ‘सर, काय वाचूं?’ असें ते विचारतात, आणि त्या प्रश्नामागें बहुधा पुस्तकाच्या नांवापेक्षां एखाद्या माणसाशीं बोलण्याची इच्छा अधिक असते.

जुनी कल्पना अगदींच विझलेली नाहीं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानानें २००९ सालीं ‘ग्रंथ तुमच्या दारीं’ हा उपक्रम आरंभिला. त्यांत मराठी पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, कांहीं दिवसांनीं ती दुसऱ्या गटाच्या पेटीशीं बदलली जाते. आणि अशा पेट्या महाराष्ट्राबाहेर व समुद्रापार मराठी कुटुंबांपर्यंतहि गेल्या आहेत. पेटी आणि मंडळ यांची गांठ येथें पुन्हां पडलेली दिसते, आणि तीहि दरबारावांचून, लोकांच्या देणग्यांवर.

यावरून आपल्या नित्याच्या ग्रंथालयांनीं दोन गोष्टी सहज उचलतां येतील. पहिली, आठवड्यांतून एक संध्याकाळ अशी ठेवावी कीं तेव्हां ग्रंथपालानें देवघेवीची वही मिटून वाचकांमध्यें येऊन बसावें; एकानें एक पुस्तक सुचवावें, तें कां आवडलें हें सांगावें, आणि इतरांना विरोध करण्याची मोकळीक असावी. शंका काढणारा श्रोता हें जुन्या पोथीवाचनाचें भूषण होतें. तो परत आणला पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. अशा मंडळांत नेहमींचीं दहा माणसें जमलीं म्हणजे काम झालें असें मानूं नये. अकरावा कोण येत नाहीं, आणि त्याला हवें असलेलें कोणतें पुस्तक आपल्या यादींत नाहीं, याची चौकशी दर वेळीं व्हावी. ज्यांच्या घरीं पुस्तकांचीं कपाटें आहेत अशा वाचकांवर ही जबाबदारी विशेष आहे. आपल्या मुलांना पुस्तक सुचविणारें कोणी ना कोणी घरांतच असतें. आपल्याच गल्लींत दूध घालणाऱ्याचा, इस्त्री करणाऱ्याचा मुलगा शाळेंत जातो. त्याला ग्रंथालयाच्या दारापर्यंत नेऊन, त्याची आवड विचारून, त्याच्या नांवावर पहिलें पुस्तक लिहून देणें हें कोणत्याहि अनुदानाच्या नियमांत बसत नाहीं. तें आपल्यांपैकींच कोणी तरी केलें पाहिजे.